बुडत्या मचव्याशी मिटलेलं पुस्तक

ट्रेनिंग कॉलेजात असताना एका गुरुजींनी माझा आवाज भरदार आहे असं चारचौघांत म्हटलं आणि मी जो हवेत गेलो, तो काही वर्षं खाली आलो नाही. पुढे मास्तर झालो, बोर्डाच्या शाळेत नेमणूक झाली, तेव्हा मला वाटत होतं की अलिबागला धाडतील. धाडलं रेवदंड्याच्या खाडीलगतच्या एका कोळीवाड्यात. शाळा म्हणजे एक खोली, समोर वाळू, वाळूवर होड्या. आमचं घराणं आतल्या गावातलं, भातशेतीवरचं. मासळीच्या वासाने पहिले आठ दिवस मी नाकाला उपरणं लावून वर्गात शिकवत असे. पोरं मला बघून हसत, आणि मी त्यांना हसल्याबद्दल उभं करत असे.

ही विसाव्या शतकाच्या तिशीच्या आसपासची हकिकत. पावसाळ्यात समुद्र बंद. मचवे वर ओढून झावळ्यांनी शाकारलेले असत आणि गावातले पुरुष एका लांबलचक खोपीत बसून जाळी नीट करीत. बाया एका अंगाला सूत वळत. दुपारची जेवणं झाली की ह्या खोपीत पोथी लागे. वाचायला पूर्वी एक म्हातारा गुरव येई. तो लेकीकडे राहायला गेला आणि गावात अक्षर वाचणारा मोठा माणूस मीच उरलो. मंडळी विचारायला आली तेव्हा मी थोडे आढेवेढे घेतले. खरं म्हणजे त्यांनी विचारलं नसतं तर मीच गेलो असतो.

पण तिथे गेल्यावर कळलं की वाचणं हे अर्धंच काम आहे. त्या गावात पोथीला दोन माणसं लागत. एकाने ओवी वाचायची आणि दुसऱ्याने तिचा अर्थ सांगायचा. अर्थ सांगणारा होता एक म्हातारा तांडेल. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य, सुकाणाला बसणारा. वय साठीच्या पुढे, अक्षरओळख शून्य. मी ओवी वाचली की तो हातातली जाळ्याची सुई थांबवून म्हणे, “म्हंजे काय झालं,” आणि सुरू होई. ओवीत राजा वनात गेला एवढंच असायचं. म्हाताऱ्याच्या अर्थात राजाचा घोडा एका पायाने लंगडा निघे, राजाने सकाळी काही खाल्लेलं नसे, आणि राणीने पाठीमागून हाक मारलेली असे, ती त्याने ऐकून न ऐकल्यासारखी केलेली असे. हे पोथीत कुठेच नाही म्हणून मी एकदा सांगून पाहिलं. तो शांतपणे म्हणाला की लिहिणाऱ्याला सगळंच लिहायला जागा कुठून मिळणार.

मला राग यायचा. मी शुद्ध, स्वच्छ, भरदार वाचत होतो आणि लोक माझ्याकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत होते. मधे शिरायला त्याला फट मिळू नये म्हणून मी ओव्या भराभर म्हणू लागलो. तर तो नुसता हात वर करी, आणि खोपीतली सगळी माणसं माझ्याकडे अशी बघत की मीच काही आगळीक केली आहे. मुकाट्याने थांबावं लागे.

ह्या म्हाताऱ्याच्या घरची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आदल्या कार्तिकात तो, त्याचा एकुलता मुलगा आणि मुरुडकडचे दोन खलाशी असे त्यांच्या लहान मचव्यातून गेले होते. वादळात सापडले. मचवा परत आला, मुलगा आला नाही. खलाशी आपल्या गावी निघून गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. तेव्हापासून मचवा वाळूवर होता. म्हातारा घरात त्याविषयी एक अक्षर बोलला नव्हता आणि त्या मचव्यावर पाय ठेवणार नाही असं त्याने सांगून टाकलं होतं. दुसऱ्यांच्या राजाराण्यांविषयी तासन्‌तास बोलणारा हा माणूस स्वतःच्या मुलाचं नाव घेत नसे.

मचवा आता सुनेकडे आला होता. गाव तिला नाखवीण म्हणे, म्हणजे होडीची मालकीण. काही जण ते आदराने म्हणत, काही जण तोंड वाकडं करून. तिने दारोदार फिरून, विनवण्या करून चार खलाशी जमवले होते. नारळी पौर्णिमेला मचवा पाण्यात जायचा होता. तो त्या दिवशी गेला नाही, तर खलाशी दुसऱ्या होड्यांवर जाणार, मचवा वाळूत कुजणार आणि तिला जन्मभर दुसऱ्यांच्या मासळीच्या टोपल्या वाहाव्या लागणार, हे ती जाणून होती. खलाशीही पुरते राजी नव्हते. ह्या मचव्याने धनी खाल्ला, ह्याला डाग आहे, असं गावात लोक कुजबुजत होतेच.

आषाढ संपता संपता पोथी पुरी झाली, नारळ फुटला. पौर्णिमेला अजून अवकाश होता आणि हात तर कामाला जुंपलेलेच होते. मी म्हटलं, कादंबरी वाचू या. रेवदंड्याच्या वाचनालयातून एक घेऊन आलो. ह्याच किनाऱ्यावरच्या एका धाडसी नाखव्याची कथा होती, म्हणून मुद्दाम निवडली. मनात असं होतं की पोथीतल्या ओवीला अर्थ लागतो, पण कादंबरी सरळ चालू भाषेत असते, तिला अर्थ सांगणाऱ्याची गरज काय? आता म्हाताऱ्याला सुट्टी.

कसली सुट्टी! लिहिणारा बहुधा मुंबईत खुर्चीवर बसून लिहीत होता. त्याच्या नाखव्याने पहिल्याच प्रकरणात समोरून वारा असताना, म्हणजे जेव्हा शीड उतरवायचं तेव्हा, भरभर शीड चढवलं. खोपीत हसण्याचा असा लोट उठला की माझं पुढचं वाक्य कोणाला ऐकूच गेलं नाही. म्हाताऱ्याने हात वर केला आणि ती होडी सुरळीत पाण्यावर आणून ठेवली. पुढे नाखव्याची बायको पानभर अलंकारिक बोलली. म्हाताऱ्याने तिचं बोलणं तीन वाक्यांत आणलं, आणि सूत वळणाऱ्या बायांनी एकमेकींकडे बघून माना हलवल्या. मी वाचलं तेव्हा त्यांनी बाई ऐकली नव्हती, त्याने सांगितलं तेव्हा ऐकली.

एक दिवस म्हाताऱ्याला ताप आला. मी एकट्याने वाचलं. सगळे सभ्यपणे ऐकत होते, दोघे झोपले, आणि उठताना एका बाईने दुसरीला, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं की आज कालवणात मीठच पडलं नाही. मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला. साठी उलटलेल्या, अक्षरशत्रू, पोटच्या पोराला मुकलेल्या माणसाचा मला हेवा वाटला. आज लिहितानाही लाज वाटते.

मग मी जिद्दीला पेटलो. मला मासिकांची सवय होती. त्यांत गोष्ट नेमकी अटीतटीच्या जागी तोडतात आणि वाचक महिनाभर तळमळतो. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी आम्ही वादळाच्या प्रकरणाला आलो. मी ते घरी तीनदा म्हणून पाहिलं होतं. त्या दुपारी मी होता नव्हता तेवढा आवाज लावला. वारा झालो, लाटा झालो, नाखव्याची आरोळी ठोकली. बाहेर पाऊसही माझ्या मदतीला होता. नाखव्यासकट मचवा पाण्याखाली जातो आणि त्या जागी नुसता फेस उरतो, ह्या वाक्याशी मी आलो आणि फाडकन पुस्तक मिटलं. “बाकीचं उद्या,” म्हणालो.

खोपीतल्या सगळ्या सुया जागच्या जागी थांबल्या. माझी छाती फुगली. म्हाताऱ्याने आज हात वर केला नव्हता, “म्हंजे काय झालं” म्हटलं नव्हतं. त्याने मांडीवरचं जाळं बाजूला ठेवलं आणि इरलं न घेता पावसात चालता झाला. माझं वाचन इतकं रंगलं की त्याला सांगायला काही उरलं नाही, असं मी समजलो. माणूस किती आंधळा असू शकतो, ह्याचं मी चालतंबोलतं उदाहरण होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाखवीण शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या चारही खलाशांनी मचव्यावर चढायला नकार दिला होता. तिच्याकडून मला तेव्हा कळलं की खोपीत जे वाचायला घेतात ते कधीही मरणाच्या जागी थांबवत नाहीत. पुस्तक बांधायचं ते लग्नाशी, बारशाशी, भेटीगाठीशी. मरण आलं तर कितीही उशीर होवो, शुभ जागेपर्यंत वाचत राहायचं. गुरवाच्या काळात एकदा ह्यापायी वाचणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्यांचा उपासही पडला होता. आणि मी बुडत्या मचव्याशी पुस्तक मिटलं होतं, तेही पौर्णिमेच्या तोंडावर, आणि अर्थही सांगायचा राहिला होता. तो मचवा कोणता, हे खलाशांना कोणी सांगायची गरज नव्हती.

मी तिला समजावू लागलो की ही पोथी नव्हे, कादंबरी आहे. कोणीतरी मनाने रचलेली, त्यातलं काही घडलेलं नाही. ती म्हणाली की खोपीत बसून वाचतात ती पोथीच. मग म्हणाली, “तुमी थांबलंव थितं आमचा मचवा थांबला, मास्तर. आता तुमीच पुढं न्या.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी दोन शब्द बोललो असतो. मी पोरांना सुट्टी दिली.

अडचण अशी की पुढे शुभ जागा नव्हतीच. दोन पानं उरली होती. नाखवा परत येत नाही, त्याची बायको किनाऱ्यावर समुद्राकडे बघत बसून राहते, आणि कादंबरी संपते. मी हे आधीच वाचलेलं होतं, आणि शेवट फार उदात्त आहे असं माझं मत होतं. त्या सकाळी मला तो शेवट लिहिणाऱ्याचा गळा धरावासा वाटला. शेवटी कागद घेतला आणि नवा शेवट लिहून काढला. नाखव्याला एक फळी मिळाली, फळीच्या आधाराने तो रात्रभर तरंगला, मुरुडच्या कोळ्यांनी त्याला उचललं, आठव्या दिवशी तो घरी आला. लिहिताना माझे डोळे ओले झाले. कागद पुस्तकात घातला आणि दुपारी खोपीत गेलो.

सगळं गाव जमलं होतं. चार खलाशी दाराशी बसले होते, म्हणजे उठून जाता येईल अशा बेताने. म्हाताऱ्याला सुनेने हाताला धरून आणलं होतं. मी वाचू लागलो. आवाज लावायचं त्या दिवशी सुचलंच नाही. मला फक्त तो माणूस घरी पोचायला हवा होता. फळी आली, पहाट झाली, लांबवर शीड दिसलं. एका खलाशाने गुडघे पोटाशी घेऊन हनुवटी त्यांवर टेकली. तेवढ्यात म्हाताऱ्याचा हात वर झाला.

“मास्तर,” तो म्हणाला, “ह्यं तुमी वाचत न्हाय. ह्यं तुमी सांगताव.”

मी कागदाकडे बघून वाचतोच आहे असं म्हणालो. तो म्हणाला की इतके दिवस तो माझ्या शेजारी बसला आहे. ओळ संपली की मी श्वास घेतो, मग तिथे बोलणं संपो वा न संपो. आज मी श्वास बोलण्याच्या जागी घेत होतो. “सांगितलंव चांगलं,” तो म्हणाला. “आज पयल्यांदा चांगलं सांगितलंव. पन लिवलंय काय, त्यं वाचा.”

इतके दिवस मी ज्या शाबासकीसाठी धडपडत होतो ती मला अशी, चोरी पकडली जाताना मिळाली. त्या क्षणी तिने बरं वाटलं नाही. पण पुढे पोरांना धडा वाचून दाखवताना, आईला पत्र वाचून दाखवताना, दर वेळी मला म्हाताऱ्याचं ते बोलणं आठवे आणि मी ओळीच्या नव्हे, बोलण्याच्या शेवटी श्वास घेई. माझ्या भरदार आवाजाचं पुढे कोणी नाव काढलं नाही. गोष्टीचं काढत.

कागद काढून मी सदऱ्याच्या खिशात घातला. मग ती दोन पानं होती तशी वाचली. वारा झालो नाही, लाटा झालो नाही. नाखवा आला नाही. बायको समुद्राकडे बघत बसली. संपलं. दाराशी बसलेल्यांपैकी एक जण उठला. नाखवीण खाली बघत होती, तिच्या हातातलं सूत वळलं जात नव्हतं.

“बस,” म्हातारा त्या उठलेल्याला म्हणाला. “अर्थ व्हायचा हाय.”

तो बसला. म्हाताऱ्याने सुई खाली ठेवली. “म्हंजे काय झालं,” तो म्हणाला. मग सांगू लागला की पुस्तकातला नाखवा बुडाला, तो परत येणार नाही, ते खरं लिहिलं आहे. पण बुडाला कशाने, ते लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. तो म्हणतो वादळाने. वादळ तर सगळ्यांनाच लागतं.

आणि मग त्याने नाखव्याचं सोडून आपलं सांगायला घेतलं. कार्तिकातल्या त्या दिवशी जाळं पाण्यात होतं आणि आभाळ काळं होत आलं होतं. मुलगा म्हणाला, बाबा, जाळं कापून टाकू आणि फिरू. जाळं नवं होतं, आख्खा पावसाळा खपून विणलेलं. “मी बोललो, वडून घेऊ,” म्हातारा म्हणाला. “त्यो वाकला. लाट आली.” मुरुडकरांनी ऐकलं होतं, म्हणून ते पुन्हा आले नाहीत. तीच लाट मचव्यावरही आली, पण मचवा उलटला नाही, त्याने तिघांना घरी आणलं. “मचव्यानं कोनाला खाल्लं न्हाय,” तो म्हणाला. “डाग हाय त्यो माज्यावर हाय.”

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. म्हातारा सुनेकडे बघत नव्हता. नऊ महिने ह्या माणसाने तिच्या हातचं जेवताना ही गोष्ट पोटात ठेवली होती, आणि आता चाळीस माणसांदेखत ती बाहेर आली होती. ती काय बोलेल ह्याची सगळ्यांनाच धास्ती होती, आणि सगळ्यांत जास्त त्याला.

ती उठली. सासऱ्यासमोर येऊन खाली बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

“बाबा,” ती म्हणाली, “उद्या सुकान तुमी धरा.”

त्याने मान हलवली. म्हणाला, माझ्या हातात कोणाचा जीव देऊ नकोस.

“कवा फिरायचं, ह्यं आता तुमच्यापरीस कोनाला ठावं हाय?” ती म्हणाली.

म्हाताऱ्याने दोन्ही हात तोंडावर घेतले. खोपीत बाया रडू लागल्या, आणि मीही. दाराशी बसलेल्या चौघांत जो थोरला होता, मघाशी उठलेला, तो पुढे सरकला. मग त्याने म्हाताऱ्याला विचारलं, उद्या भरती कधीची?

दुसऱ्या दिवशी नारळ समुद्रात सोडल्यावर मचवे लोटले. त्या मचव्याला मीही हात लावला, कमरेइतक्या पाण्यात, धोतर सावरत, आणि लोक मला बघून मनमुराद हसले. म्हातारा सुकाणाला बसला होता. त्याने एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा किनाऱ्याकडे, आणि मचवा लाटांवर चढला. मी ओल्या कपड्यांनी वाळूत उभा राहून तो लहान लहान होत जाताना बघत राहिलो. शेजारी बघितलं तर नाखवीण तिथे नव्हती. ती ओढ्याकडे निघाली होती, काखेला दोन्हीकडे टोपल्या. आपल्या मचव्याची मासळी यायच्या आत त्या धुवायला हव्या होत्या.